रोलप्लेचे रिप्लाय थकू नयेत म्हणून

चॅटवर प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचं आणि आळीपाळीने रिप्लाय लिहून मिळून गोष्ट रचायची, हा रोलप्ले. त्यात रिप्लाय थकले, म्हणजे द्यायचे राहून गेले, की सगळा दोष वेळेला दिला जातो. ऑफिस, सबमिशन, हिंजवडीचं ट्रॅफिक. वेळ कमी असतो हे खरंच. पण आठ दिवस पडून राहिलेला एखादा रिप्लाय उघडून बघा. आपलं पात्र कुठे उभं होतं ते आठवत नाही, समोरच्याने नेमकं काय विचारलंय ते कळत नाही. सगळा थ्रेड वरपासून वाचावा लागणार, या विचारानेच आपण तो बंद करतो. लिहायला लागल्यावर फारसं कुणी अडत नाही. अडतं ते लिहायला बसण्याआधीच्या जुळवाजुळवीत, आणि ती कमी करता येते.

उदाहरणासाठी एकच सीन धरू. १२ जुलै १९६१, पुणे. सकाळी पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही गेलं आणि मुठेचं पाणी नदीकाठच्या पेठांमध्ये शिरलं. हा दिवस चौघं मिळून लिहितायत. पात्रं अशी: नारायण पेठेतल्या वाड्याची मालकीण माई, तिचा भाडेकरू दिगंबर, शनिवार पेठेतला एक सायकल दुकानदार आणि डेक्कनला खोली घेऊन राहणारा कॉलेजचा एक पोरगा.

आधी आकडेमोड

दोनशे ते अडीचशे शब्दांच्या एका रिप्लायला साधारण चाळीस मिनिटं लागतात असं धरा. मागचं वाचायला दहा, लिहायला पंचवीस, एकदा नजर फिरवून पोस्ट करायला पाच. तुमचा आकडा वेगळा असेल, म्हणून पुढच्या तीन रिप्लायना मोबाइलचं स्टॉपवॉच लावून बघा. मोबाइलवर देवनागरी टाईप करणाऱ्याचा आणि लॅपटॉपवर लिहिणाऱ्याचा वेळ कधी कधी दुपटीने वेगळा निघतो.

आता आठवड्यात या कामासाठी खरोखर किती तास मिळतात ते लिहा. मिळायला हवेत ते तास लिहू नका. समजा चार तास मिळतात, म्हणजे २४० मिनिटं, म्हणजे सहा रिप्लाय. दोघांचा सीन हलता राहायचा तर आठवड्याला तुमच्याकडून किमान दोन रिप्लाय जायला हवेत. म्हणजे तुम्हाला तीन सीन झेपतात. चौथा घेतलात की पहिल्याच आठवड्यात थकबाकी सुरू होणार, मग तुम्ही कितीही छान लिहीत असा.

ग्रुप सीनचं गणित फसवं असतं. चार जण, प्रत्येकाला ४८ तासांची मुदत, म्हणजे सगळ्यांनी पूर्ण मुदत वापरली तर एक फेरी आठ दिवसांची. ‘आठवड्यातून एकच तर रिप्लाय’ म्हणून माणूस सहज हो म्हणतो. पण त्या एका रिप्लायआधी तिघांचं वाचावं लागतं, आणि तुमची टर्न अडली की तिघं खोळंबतात. म्हणून ग्रुप सीन हिशेबात दीड सीन म्हणून धरावा. स्टार्टर, म्हणजे सीन सुरू करणारा पहिला मेसेज, तोही महाग पडतो. जागा, वेळ, हवा, आपलं पात्र तिथे का आलं, हे सगळं शून्यातून उभं करायचं म्हटल्यावर नेहमीच्या रिप्लायच्या दीडपट-दुप्पट वेळ सहज जातो.

नव्या सीनची कल्पना रात्री साडेअकराला सुचते आणि ती नेहमीच जुन्या सीनपेक्षा भारी वाटते. ती एका यादीत टाकून ठेवा. एखादा जुना सीन संपला की मगच यादीतला पुढचा काढायचा. हा नियम पाळणारे थोडे असतात आणि त्यांचेच सीन शेवटाला जातात.

टर्न कुणाची, हे डोक्यात ठेवू नका

रिप्लाय विसरण्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे तो वाचलेला असतो. बसमध्ये उभ्याउभ्या पार्टनरचा रिप्लाय उघडला, आवडला, बदामाची रिअ‍ॅक्शन दिली आणि मोबाइल खिशात टाकला. त्या क्षणी न वाचल्याची खूण नाहीशी होते, आणि तिच्याबरोबर तुमच्या टर्नची आठवणही. यावर उपाय फुकटात आहे. डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपवर मेसेज दाबून धरला की ‘मार्क अनरीड’ येतं. वाचून झालं की लगेच ते करायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहीत असाल तर चॅट अनरीड करता येतो आणि मेसेजला स्टार देता येतो. एकदोनच सीन असतील तर एवढ्यावर भागतं.

तीन किंवा जास्त सीन असतील तर गूगल शीटमध्ये एक तक्ता करा. रकाने सातच: सीनचं नाव, पार्टनर, शेवटच्या मेसेजची लिंक, टर्न कुणाची, शेवटच्या रिप्लायची तारीख, त्याला झालेले दिवस आणि एक ओळ ‘पुढे काय’ म्हणून. दिवसांचा रकाना हाताने भरायचा नाही. ‘टुडे’ या फंक्शनमधून तारखेचा रकाना वजा केला की आकडा रोज आपोआप बदलतो. मग कंडिशनल फॉरमॅटिंग (अटीनुसार आपोआप रंग बदलण्याची सोय) लावून तुमची टर्न असलेल्या ओळी चार दिवसांनी पिवळ्या आणि आठ दिवसांनी लाल करा. पार्टनरची टर्न असलेल्या ओळींना रंग लावू नका, नाहीतर लाल ओळी बघून उगाच त्यांच्यावर राग धरला जातो.

लिंकचा रकाना आळसाने सोडला जातो आणि तोच जास्त उपयोगी असतो. डिस्कॉर्डचे थ्रेड हालचाल नसली की आपोआप अर्काइव्ह होतात. ती मुदत एक तास, चोवीस तास, तीन दिवस किंवा एक आठवडा यांपैकी निवडता येते. अर्काइव्ह म्हणजे डिलीट नव्हे, लॉक केलेला नसेल तर नवा मेसेज टाकला की थ्रेड पुन्हा उघडतो. पण चॅनेलच्या खालच्या यादीतून तो दिसेनासा होतो आणि जे दिसत नाही ते विसरतं. सीनसाठी नेहमी आठवड्याची मुदत ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरचा धोका याहून मोठा आहे. ‘डिसअपिअरिंग मेसेजेस’ चालू असेल तर २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांनी, जी मुदत लावली असेल त्याप्रमाणे, अख्खा सीन पुसला जातो. सुरू करण्याआधी ते सेटिंग बघून घ्या.

तक्ता सजवत बसू नका. रंगीत डॅशबोर्ड, पात्रांचे फोटो, प्रगतीचे बार करण्यात अख्खा रविवार घालवणारे असतात. त्यांचा तक्ता देखणा आणि थ्रेड ओसाड.

पोस्ट केल्यावर तीन ओळी

एवढी एकच सवय लावली तरी बाकीचं निम्मं आपोआप सुटतं. रिप्लाय पोस्ट केला की लगेच, सीन डोक्यात गरम असतानाच, स्वतःसाठी तीन ओळी लिहायच्या. पहिली: पात्र कुठे आहे आणि हातात काय आहे. दुसरी: कोण कुणाला काय म्हणून हाक मारतंय. तिसरी: आपल्या पात्राला माहीत असलेली आणि समोरच्याला माहीत नसलेली गोष्ट. माईच्या बाजूने लिहिणारीची नोंद अशी दिसेल:

‘माई जिन्यात, खालून तिसऱ्या पायरीवर. हातात देवांच्या टाकांचा डबा. दिगंबर तिला माई म्हणतो, अहो-जाहो करतो. ती एरवी अरे-तुरे, पण परक्यांसमोर दिगंबरपंत. माळ्याला कुलूप आहे, किल्ली तिच्याच कनवटीला, त्याला ठाऊक नाही.’

मधली ओळ मराठीत फार महत्त्वाची आहे. दहा दिवसांनी परत आल्यावर कथानक आठवतं, पण तू की तुम्ही, वहिनी की काकू, हे आधी सुटतं. एकदा का दिगंबर माईला ‘तू’ म्हणाला की पार्टनर दचकते. ते मुद्दाम आहे की चूक, हे विचारायला ओओसीमध्ये, म्हणजे पात्राबाहेर येऊन बोलायच्या चॅटमध्ये, जाते, आणि तिथे दोन दिवस जातात. काळाचंही तसंच. सीन भूतकाळात चालू आहे की वर्तमानकाळात, प्रथमपुरुषी की तृतीयपुरुषी, हे सुरुवातीलाच ठरवून चॅनेलमध्ये पिन करून ठेवा. पात्राच्या कार्डवर, म्हणजे त्याच्या माहितीच्या नोंदीत, बोलीही लिहा. दुकानदार साताऱ्याकडचा असेल आणि तिसऱ्या रिप्लायपासून सदाशिव पेठी बोलायला लागला, तर ते लिहिणाऱ्याआधी वाचणाऱ्याला टोचतं.

या तीन ओळी शीटमध्ये, गूगल कीपमध्ये किंवा साध्या वहीत, कुठेही चालतील. फक्त सगळ्या सीनच्या नोंदी एकाच ठिकाणी हव्यात.

समोरच्याला धरायला काहीतरी द्या

पार्टनरचा रिप्लाय उशिरा येतो याचं कारण कित्येकदा आपल्याच आधीच्या रिप्लायमध्ये सापडतं. हा बघा:

‘दिगंबरने माईंकडे पाहिलं. त्याला काय बोलावं सुचेना. पाणी वाढतच होतं. गावाकडच्या आईची आठवण दाटून आली आणि त्याचे डोळे भरून आले.’

वाचायला बरं आहे. पण माईने आता करायचं काय? दिगंबरच्या मनातलं तिला दिसत नाही, तो बोललेला नाही, हललेलाही नाही. पार्टनरला एकतर स्वतःच काहीतरी घडवावं लागेल किंवा ‘माईंनीही त्याच्याकडे पाहिलं’ असं लिहावं लागेल. असे दोन रिप्लाय झाले की सीन मेला. आता हा:

‘“माई, तो डबा द्या इकडे.” दिगंबरने हात पुढे केला. खाली चौकात पाणी तुळशीवृंदावनाला लागलं होतं. “आणि माळ्याची किल्ली कुणाकडे असते? तात्यांकडे असेल तर संपलंच, ते सकाळीच मंडईत गेलेत.”’

इथे माईला धरायला तीन गोष्टी आहेत: पुढे आलेला हात, चढणारं पाणी आणि किल्लीचा प्रश्न. किल्ली तिच्याच कनवटीला आहे हे तिच्या लिहिणारीला माहीत आहे. डबा द्यायचा की नाही, किल्ली काढायची की नाही, हे वाचतानाच तिच्या डोक्यात सुरू होतं. असा रिप्लाय बसमध्ये वाचला तर उत्तर बसमध्येच अर्धं तयार होतं.

आईच्या आठवणी लिहूच नका असं नाही. पण शेवटच्या दोन वाक्यांत पात्राने दिसेल किंवा ऐकू येईल असं काहीतरी केलं पाहिजे. प्रश्न, हालचाल, वस्तू, आवाज, काहीही. आणि हे धागे दोन, फार तर तीन. पाच प्रश्न एका रिप्लायमध्ये विचारले तर पार्टनर पाचांची उत्तरं देणार, प्रत्येकाबरोबर स्वतःचा एक प्रश्न जोडणार, आणि तिसऱ्या फेरीला दोन पात्रं एकाच वेळी पाच वेगवेगळी संभाषणं करत असतील. रिप्लायची लांबी दुप्पट, लागणारा वेळही दुप्पट. समोरून असा रिप्लाय आलाच तर सगळ्याला उत्तर द्यायची गरज नाही. दोन धागे उचला, बाकीचे सोडा. खऱ्या बोलण्यातही निम्मे प्रश्न हवेत विरतात.

प्रत्यक्ष लिहिताना

पार्टनरचा शेवटचा रिप्लाय दोनदा वाचा. पहिल्यांदा नुसता. दुसऱ्यांदा त्यातले धागे एका ओळीत उतरवून घेताना. त्याखाली तीन तुटक वाक्यं लिहा: पात्राला काय वाटलं, ते काय करतं, पुढे काय टाकतं. ‘माई बिथरते. डबा देत नाही, किल्ली काढते. वर जायच्या आधी गाईला सोडायला हवं म्हणते.’ हा झाला सांगाडा, याला पाच मिनिटं पुरतात. मग सलग लिहायचं.

आरसा टाळा. समोरच्याने लिहिलेली प्रत्येक गोष्ट आपल्या पात्राच्या डोळ्यांनी पुन्हा सांगण्याची खोड बहुतेकांना असते. दिगंबरने हात पुढे केला, तो माईंना दिसला, त्याचा हात थरथरत होता, तो किल्लीबद्दल विचारत होता. शंभर शब्द झाले आणि घड्याळ तिथल्या तिथेच. लिहून झाल्यावर पहिला परिच्छेद झाकून वाचून बघा. काही अडलं नाही तर तो उडवा.

लांबीची चढाओढही थांबवावी लागते. एकाने तीनशे शब्द लिहिले की दुसऱ्याला साडेतीनशे लिहावेसे वाटतात, महिन्याभरात दोघेही हजारावर आणि दोघांचेही रिप्लाय पंधरवड्यातून एकदा. संवाद चालू असताना साठ ते शंभर शब्द पुरेसे असतात. नवी जागा, नवं पात्र, मोठा निर्णय अशा वेळी लांब लिहा. हे पार्टनरशी एकदा स्पष्ट बोलून घ्या, कारण आखूड रिप्लाय म्हणजे कंटाळा आला, असा अर्थ लावणारे पुष्कळ असतात.

लांबीत एक तांत्रिक मेखही आहे. डिस्कॉर्डवर फुकटच्या खात्याला एका मेसेजमध्ये २००० कॅरेक्टर मिळतात, पैसे भरून नायट्रो घेतलं तर ४०००, टेलिग्रामला ४०९६. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. ‘शनिवारवाड्यासमोर’ हा शब्द वाचायला नऊ अक्षरांचा, पण मोजणीत सोळा कॅरेक्टरचा भरतो. त्यामुळे २००० मध्ये मराठी शब्द तीनशेच्या आसपासच बसतात. रिप्लाय थेट चॅटच्या चौकटीत लिहिला की शेवटच्या परिच्छेदाला मर्यादा आडवी येते आणि लोक नेमके शेवटचे धागे छाटून पोस्ट करतात. म्हणून आधी डॉक्समध्ये लिहा, आणि लांब झालाच तर परिच्छेद संपतो तिथे तोडून दोन मेसेज करा. टपरबॉक्ससारखा बॉट वापरून पात्राच्या नावाने पोस्ट करत असाल तर दोन्ही मेसेजना पात्राची खूण लावायला विसरू नका. नाहीतर अर्धी माई माईच्या नावाने आणि अर्धी तुमच्या नावाने बोलते.

प्रवासात वाचा, घरी लिहा. मेट्रोत किंवा पीएमपीत बसून धागे टिपणं आणि सांगाडा करणं छान जमतं. अख्खा रिप्लाय लिहायला गेलात आणि सिव्हिल कोर्ट ते स्वारगेटच्या भुयारी टप्प्यात रेंज गेली, तर पोस्ट अर्धवट अडकते. तसं लिहायचंच असेल तर नोट्समध्ये लिहा आणि उतरल्यावर पेस्ट करा. बोलून टाईप केलं तर वेग वाढतो, पण ऱ्हस्व-दीर्घ आणि विरामचिन्हं हाताने तपासण्यात त्यातली काही मिनिटं परत जातात.

पोस्ट केल्यावर दुरुस्ती करायची तर लगेच करा. डिस्कॉर्डवर मेसेज कधीही बदलता येतो, व्हॉट्सअ‍ॅपवर पंधरा मिनिटंच. पण प्रश्न सोयीचा नाही. पार्टनरने तुमचा रिप्लाय वाचून लिहायला घेतलं असेल आणि तुम्ही दोन तासांनी गुपचूप किल्ली कनवटीवरून काढून कोनाड्यात ठेवलीत, तर त्याची मेहनत वाया जाते. शुद्धलेखन कधीही सुधारा. घटना बदलायची असेल तर ओओसीमध्ये सांगून बदला.

चौघांचा सीन

ग्रुपमध्ये तीन गोष्टी सुरुवातीला ठरल्या नाहीत तर पुढे भांडणं होतात.

पहिली म्हणजे क्रम आणि मुदत. क्रम पिन करा. मुदत ४८ तास ठेवली असेल तर ४८ तासांनी टर्न पुढे जाईल, कुणी रुसायचं नाही. टर्न गेलेलं पात्र तिथेच आहे, गप्प आहे, असं धरायचं. त्याच्या तोंडी वाक्यं घालायची नाहीत, त्याला उचलून दुसरीकडे न्यायचं नाही. पूर टाळून पळायचं असतानाही नाही. दुसऱ्याच्या पात्राला हलवणं हा पॉवरप्ले, आणि ‘पण सीन अडला होता’ ही सबब कुणालाच पटत नाही. त्याऐवजी आधीच प्रत्येकाकडून एका ओळीची परवानगी घेऊन ठेवा: मी नसेन तर माझं पात्र घोळक्याबरोबर चालत राहील, किंवा मागे थांबेल.

दुसरी म्हणजे एकाच वेळी दोघांनी लिहिणं. क्रम सैल असलेल्या ग्रुपमध्ये हे फार होतं. दोघं अर्धा तास खपतात आणि दोघांचे रिप्लाय एकमेकांना खोटं पाडतात. लिहायला बसताना ओओसीमध्ये ‘लिहितेय’ एवढा एक शब्द टाकायचा. त्याला दोन तासांची किंमत. दोन तासांत पोस्ट आली नाही तर जागा मोकळी.

तिसरी म्हणजे काळ. पुराच्या सीनमध्ये हे सगळ्यात नाजूक असतं, कारण पाणी कुणाच्या रिप्लायसाठी थांबत नाही. दुकानदार लिहिणाऱ्याने उत्साहात पाणी लकडी पुलावर नेलं आणि त्याच वेळी डेक्कनचा पोरगा निवांत चहा पितोय, असं झालं की चौघांना मागे जाऊन दुरुस्त्या कराव्या लागतात. अशा दुरुस्त्यांमध्ये ग्रुप दमतात आणि सीन सुटतो. म्हणून प्रत्येक रिप्लायच्या डोक्यावर जागा आणि वेळ लिहा: ‘नारायण पेठ, वाड्याचा चौक, सकाळ.’ आणि पाणी एकाच्याच ताब्यात द्या. ते कुठवर आलं हे फक्त तीच व्यक्ती, प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला, दोन ओळींत सांगेल. कोणत्या टप्प्याला काय घडेल याचा कच्चा आराखडा तिने आधी करून ठेवावा.

फेरीला पंधरा दिवस लागायला लागले तर मुदत आवळण्यापेक्षा पात्रं वेगळी करा. माई आणि दिगंबर माळ्यावर, दुकानदार आणि पोरगा पुलाच्या तोंडाशी. दोन जोड्यांचे दोन थ्रेड दुप्पट वेगाने पळतात, आणि पाणी ओसरलं की चौघांना परत एकत्र आणता येतं.

आधीच डोंगर साचला असेल तर

दहा-बारा रिप्लाय थकले असतील तर पहिल्या दिवशी एकही लिहू नका. फक्त तक्ता भरा. मग प्रत्येक ओळीसमोर तीनपैकी एक शब्द लिहा: चालू, उडी, बंद.

चालूमध्ये तेच सीन, जे वाचताना तुमच्या डोक्यात पुढचं वाक्य आलं. त्यातही ग्रुप आधी, कारण तिथे लोक खोळंबलेत. मग दोन आखूड, हात सुटावा म्हणून. मग सगळ्यात जुना. नवा ताजा रिप्लाय आधी घ्यावासा वाटतो, पण तसं केलं की जुने कायम तळाशीच राहतात. दिवसाला दोनच. एका रात्रीत सात लिहिणाऱ्याकडे दोन दिवसांत सात उत्तरं येतात आणि तो परत तिथेच.

उडी म्हणजे टाइम स्किप. पात्रं आवडतात, पण हा प्रसंग रेंगाळलाय. पार्टनरला विचारा: ‘अगं, माळ्यावरचा सीन इथेच आवरून थेट दुसऱ्या दिवशीच्या चिखलात जाऊया का? किल्लीचं काय झालं ते माई ओघात बोलून दाखवेल.’ बहुतेक वेळा समोरूनही सुटका झाल्यासारखं ‘चालेल की!’ येतं, कारण तिचाही तिथे पाय अडकलेला असतो.

बंदसाठी एक मेसेज, गोलमाल न करता: ‘हा सीन मी आता पुढे नेऊ शकणार नाही. तुझा दिगंबर मस्त होता. तुला हवं तर माई पुरात वाचली असं धरून तू पुढे लिही, माझी हरकत नाही.’ आपल्या पात्राचं काय धरायचं, हे सांगणं यात महत्त्वाचं. त्यामुळे पार्टनरची कथा अधांतरी राहत नाही. काहीच न कळवता गायब होणं जास्त सोपं वाटतं. पण पुण्यातली मराठीत लिहिणारी मंडळी मोजकी, सहा महिन्यांनी डिस्कॉर्डच्या दुसऱ्या सर्व्हरवर, म्हणजे दुसऱ्या गटात, तीच व्यक्ती भेटते.

उशीर झाला म्हणून रिप्लाय लांब करू नका. भरपाई म्हणून सहाशे शब्द लिहायचे ठरवले की तो आणखी आठवडा लांबतो, मग आठशे लिहावेसे वाटतात. दीडशे शब्द आणि दोन चांगले धागे टाका. माफीही एक ओळ, ओओसीमध्ये. तीन परिच्छेदांची माफी आली की समोरच्याला तुमची समजूत काढत बसावं लागतं.

समोरचा अडला असेल तर

पहिली आठवण सात दिवसांनी, दुसरी चौदा दिवसांनी, तिसरी नाही. ‘रिप्लाय कधी देणार?’ या प्रश्नाला ‘सॉरी, देते’ याखेरीज उत्तर नसतं आणि त्याने काही हलत नाही. निवड करता येईल असं विचारा: ‘किल्लीवर अडलंय का? हवं तर मी दिगंबरला कुलूप तोडायला लावतो, किंवा सरळ दुपारवर जाऊ. काय बरं पडेल?’ चौदा दिवसांच्या मेसेजमध्ये सीन बाजूला ठेवतोय एवढं सांगा आणि तक्त्यातून ओळ काढा. पार्टनर वयाने बरीच मोठी असेल तर ‘ताई, तुम्हाला जमेल तसं’ म्हणताना तारीख मात्र द्या. नुसतं ‘जमेल तसं’ म्हणजे कधीच नाही.

दांडी मारायची तर कळवून

पुण्यात काही दांड्या आधीच माहीत असतात. ढोल-ताशा पथकातली मंडळी गणपतीच्या कितीतरी आधीपासून संध्याकाळी सरावाला जुंपलेली असतात. पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेत उतरलेल्या पोरापोरींचे ऑगस्ट-सप्टेंबर भरत नाट्य मंदिराच्या नावाने लिहिलेले असतात. विद्यापीठाच्या परीक्षा, दिवाळीचं गावाला जाणं, आयटीवाल्यांच्या रिलीज. विसर्जन मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी रिप्लायची अपेक्षा करणाऱ्याने आपलाच पत्ता तपासावा.

सुट्टी आठवडाभर आधी जाहीर करा. कधीपासून, कधीपर्यंत, आणि मधल्या काळात पात्र कुठे असेल, हे तिन्ही सांगा. पात्र बाजूला ठेवायची जागा कथेत शोधा: पोरगा आजीला पर्वतीच्या बाजूला पोहोचवायला गेला, तो परत येईपर्यंत बाकीचे चालू राहतील. संकटाच्या ऐन मध्यात, छत कोसळताना, पात्राला टांगून जाऊ नका, कारण मग त्या खोलीत असलेल्या कुणालाच हलता येत नाही.

परतल्यावर मागचे सगळे रिप्लाय वाचायचा हट्ट नको. ग्रुपमध्ये एकाला विचारा, ‘दोन ओळींत काय झालं?’ आणि तुमच्या पात्राचं नाव शोधून तेवढेच मेसेज वाचा. ते आजीला पोहोचवून आत्ताच आलंय, मधलं त्यालाही माहीत नाही, तेव्हा पहिला रिप्लाय त्यानेच दुकानदाराला विचारलेल्या प्रश्नाने सुरू करता येतो.